कायम वर राहणारी खिडकी

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा सुनेनं तिच्या खाटेसमोर कॅमेरा लावला. सून बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्येच कॉम्प्युटरवर बसून कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहिते. तिनं एक बारकी खिडकी बनवली. पडद्यावर दुसरं काहीही उघडा, ती खिडकी सगळ्यांच्या वरच राहायची. तिच्यात बायकोची खाट दिसायची. खाली एक चौकोन, त्यात बरोबरची खूण. खूण काढली तर खिडकी मागं जाते, एवढं सुनेनं मला दाखवलं होतं. मी चौथी शिकलेला, पण तेवढं कळलं.

बायकोचा आवाज दारापर्यंतही पोचत नव्हता. काही लागलं की ती लाल फडकं हलवायची. मी जवळ बसलो की म्हणायची, "अवो, जावा तिकडं. माजं तोंड म्हंजे काय टीवी हाय?" म्हणून सून घरकामाला उठली की तिच्या खुर्चीत मी बसायचो.

एका दुपारी सून भाजीला गेली. मी केळव्याच्या कबड्डीचा सामना लावला, तर खिडकी नेमकी मैदानाच्या मधोमध. तिला बाजूला सरकवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी खूण काढली. खिडकी मागं गेली. सामना संपेस्तोवर मला बायको आठवली नाही. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच.

सून आली ती सरळ खोलीत गेली. फडकं जमिनीवर, तांब्या लवंडलेला, बायको खाटेवरून अर्धी लोंबकळत. दोघांनी उचलून तिला नीट निजवलं.

"बाबा, खिडकी वर होती ना?"

"व्हती की. फडकं आत्ताच पडलं आसंल."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाला, ती जाणारच होती. त्याचं काय जातं म्हणायला.

आता त्या खाटेवर मी निजतो. न्हाणीत एकदा पाय घसरला, तेव्हापासून खिडकीत मी असतो. चिंचणीला, आमच्या गावी, किनाऱ्यावर एकट्यानं जाऊन बसावं असं रोज वाटतं. दाराची कडी काढतो न काढतो तोच सून मागं उभी. "बाबा, दिसला नाय तुमी."

"मेलो नाय अजून."

परवा ती काम करत होती, तेव्हा चपला घालून तिच्या खुर्चीशी उभा राहिलो. सांगायचं होतं, ती खूण काढ आणि मला जाऊ दे. पण तोंडातून निघालं भलतंच.

"पोरी, त्या दिवशी खूण मी काढली व्हती."

कीबोर्डवरची तिची बोटं थांबली. "ठाऊक हाय, बाबा. पडद्यावर कबड्डीच होती."

"मग बोलली नायस?"

"आईंनी हातानं खुणावलं. गप म्हणून."

मी पडद्याकडं बघत राहिलो. खिडकीत माझी खाट रिकामी होती. खाली चौकोन शोधला. नव्हता.

"तो मी काढून टाकला," सून म्हणाली. "आता खिडकी मागं जातच नाय. मला पण नाय घालवता येत."

मी चपला दाराशी काढल्या आणि खाटेवर जाऊन बसलो, तिला दिसेन असा.