रमोना म्हणजे उजवीकडे

रविवारी वेंडेल क्राउझ चर्चच्या तळघरात जेवला आणि कुणाशी फारसं न बोलता उठला. ऑक्टोबरात तिथं चिली असते, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. नेब्रास्काबाहेरच्या माणसाला हे दोन्ही एका ताटात कसं खातात ते कळत नाही, आणि इथल्या माणसाला वेगवेगळं कसं खातात ते कळत नाही. निघताना वाढणाऱ्या बायकांपैकी एकीनं फॉइलमध्ये गुंडाळलेला जास्तीचा रोल त्याच्या हातात ठेवला. फेब्रुवारीपासून दर रविवारी कुणी ना कुणी ठेवायचीच. या गावात बायको वारली तर घरी भांडंभर जेवण येतं. बायको सोडून गेली तर एक रोल मिळतो.

तो रोल घेऊन वेंडेल घरी गेला नाही. घरी जाण्यासारखं काही नव्हतं. तो थेट कॉलेजवर गेला, मैदानामागच्या आपल्या खोलीत दिवा लावून बसला आणि शनिवारच्या सामन्याची फिल्म लावली.

शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ सलग पाचवा सामना हरला होता. सामना संपल्यावर गाड्या लावायच्या जागी मुख्य कोच डॅरनने त्याला गाठलं. डॅरन अडतिशीचा. वीस वर्षांपूर्वी तो वेंडेलच्याच हाताखाली खेळला होता, त्यामुळे पगारानं मोठा असला तरी बोलताना अजून टोपी काढायचा.

"कोच, एकच विचारतो. पोरं कमी पडताहेत की आपण?"

तोंड 'आपण' म्हणत होतं, डोळे 'तुम्ही' म्हणत होते.

"फिल्म बघून सांगतो," वेंडेल म्हणाला.

"सोमवारी सकाळी सातला सांगा. वरून विचारणा झालीये. पोरं कमी पडत असतील तर मधल्या कोल्बीला बाकावर बसवतो आणि त्याच्या जागी दुसरा घालतो. तसं नसेल तर..."

"तर काय?"

"तर पुढच्या वर्षी लाइनला नवा कोच. तुम्हीच मला शिकवलंत ना, एकदा चुकलं तर पोराचं, तीनदा तेच चुकलं तर कोचचं."

शिकवलेलं असं कधीतरी परत येतं आणि पायातच घुसतं.

वेंडेलकडे लाइन होती. म्हणजे चेंडूच्या आडवे उभे राहणारे पाच आडदांड गडी. मागं क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उभा असतो, समोरून दुसऱ्या संघाचे गडी त्याला आडवा करायला धावून येतात, आणि या पाचांनी त्यांना छातीनं अडवायचं. चेंडू फेकणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. अडवणाऱ्याचा, त्यानं अडवलं नाही तरच. एकोणतीस वर्षं वेंडेल हेच शिकवत होता. दर रविवारी फिल्म बघायची, एकेका चालीला पाचही पोरांच्या नावापुढं खूण करायची. नीट अडवलं तर अधिक, नाहीतर उणे. लोक घरोघरी एकमेकांची उणीदुणी फुकट काढतात, वेंडेलला त्याचा पगार मिळायचा.

या मोसमात उणेच फार होते. एखाद्या रविवारी कागद भरला की तो फाइलला लावायचा, आणि पुढच्या रविवारी नवा कागद. आज शनिवारचा कागद भरल्यावर त्यानं पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. कोल्बी व्होसच्या नावापुढं अडतीस उणे. कोल्बी मधला, बाकी चौघांना हाक देणारा. हाक चुकली की पाचही चुकतात. बसवायचा तर त्यालाच, हे डॅरनचं म्हणणं वरवर खोटं नव्हतं.

मग त्यानं प्रत्येक उण्यापुढं हाक कोणती होती ते लिहिलं. सात वेळा लोला. एकतीस वेळा रमोना.

पेन्सिल तिथंच थांबली.

या हाका म्हणजे वेंडेलची स्वतःची करणी. समोरचे कसे उभे आहेत ते बघून मधल्यानं ओरडायचं आणि पाचांनी एकदम एका बाजूला सरकायचं. लेफ्टला लोला, राइटला रमोना. पोरांना पहिल्या अक्षरावरून पटकन कळतं. लोला ही घरची कुत्री, आणि रमोना ही घरची बायको.

"कुत्रीला आणि मला एकाच पंगतीत बसवलंस," ती पहिल्या वर्षी म्हणाली होती. "आणि लेफ्ट-राइट म्हणताना नाव पण तिचंच आधी."

तेव्हा ती हसली होती. पुढं शनिवारी थंडीत बाकावर बसून चार-पाच वर्षं तिनं आपल्या नावानं पोरं सरकताना पाहिली. मग ती यायची बंद झाली. कुत्री म्हातारी होऊन गेली. घरात वेंडेलचं 'ऐकलंस का' आणि 'अगं' यांवर भागायचं. आणि फेब्रुवारीत एका मंगळवारी रमोना बहिणीकडं टुसॉनला गेली ती गेलीच. दारात उभी राहून म्हणाली, "वेंडेल, मैदानावर तू माझं नाव जितक्या वेळा घेतलंस, त्याचा शंभरावा हिस्सा घरात घेतला असतास तरी मी थांबले असते." भांडण नाही, आदळआपट नाही. जूनमध्ये घटस्फोटाचे कागद आले, त्यानं सही केली.

वेंडेलनं कपाटातून सरावाची कार्डं काढली. कोणत्या दिवशी कोणती चाल घोटायची ते तो पेन्सिलनं कार्डावर लिहायचा. वर्षानुवर्षांची कार्डं बुटांच्या खोक्यांत भरलेली होती. गेल्या ऑगस्टचं कार्ड: वीस एल, वीस आर. त्याआधीचं तसंच. या ऑगस्टचं: तेहतीस एल, सात आर. पुढच्या दिवशीचं चौतीस, सहा. आणि हे सहा-सात कार्डाच्या अगदी तळाशी. तळापर्यंत पोचेतो वेळ संपायचा. वेळ झाली, शिट्टी, चला घरी. आपणच शिट्टी मारायचो, हे त्याला आठवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाच आठवडे तो पोरांचे पाय बघत होता, खांदे बघत होता, आणि घोडं पेंड खात होतं ते त्याच्या स्वतःच्या पेन्सिलीपाशी.

तरी एक गोष्ट बसत नव्हती. सराव कमी झाला तर पोरं उशिरा सरकतील, चुकीचं पाऊल टाकतील. पण फिल्ममध्ये कोल्बी बरोबर सरकत होता, आणि उजवीकडचे दोघे जागच्या जागी उभे, म्हणून त्याचंही अडवणं फसत होतं. वेंडेलनं चाल मागं घेतली, पुन्हा बघितली. फिल्मला आवाज नसतो. कोल्बीचे ओठ हलले. शेजारचा गडी कोल्बीकडं झुकला आणि त्यानं शिरस्त्राणावर कानापाशी हात नेला. त्या गड्याच्या नावापुढं वेंडेलनं तासाभरापूर्वीच घाईत लिहून ठेवलं होतं, 'लक्ष नाही. उणे.' त्यानं दुसरी चाल लावली. तिथंही कानापाशी हात. अशा सात चाली सापडल्या.

त्या पोराचं लक्ष होतं. त्याला ऐकू येत नव्हतं.

कोल्बी त्याच इमारतीत खाली होता. फी भागावी म्हणून तो दर रविवारी संघाचे कपडे धुवायचा. वेंडेल खाली गेला तेव्हा मोठा ड्रायर घुमत होता आणि एकशे तीस किलोचा तो पोरगा छोट्याशा स्टुलावर बसून मोजे जोडत होता.

"कोल्बी, उजवीकडची हाक कशी देतोस?"

"देतो की, कोच."

"दे बघू."

"इथं?"

"मग काय मोज्यांची लाज वाटते?"

कोल्बीनं मोजा खाली ठेवला. चर्चमध्ये शेजारच्याला वेळ विचारावी तसं म्हणाला, "रमोना."

"अरे, ड्रायरला तरी ऐकू गेलं का ते?"

कोल्बीची मान लाल झाली. त्यानं मोजा पुन्हा उचलला.

"कोच, रागावू नका. ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी मी जोरात ओरडलो होतो. नेहमीसारखा. तुम्ही पाठ फिरवलीत. मग शिट्टी मारून म्हणालात, पाणी प्या. पाणी पिऊन आम्हाला पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती."

"मग?"

"मग आम्ही पाचांनी ठरवलं, हळू म्हणायचं. खांद्याला खांदा लावून तर उभे असतो, ऐकू जाईल म्हटलं."

"आणि सामन्यात? दोन हजार माणसं घसा फोडत असतात."

"ते लक्षात आलं नंतर. पण तोवर सवय झाली. आणि तुम्ही तिथंच उभे असता ना, मैदानाच्या कडेला."

"मला सांगायचं होतंस, गाढवा. दुसरा शब्द लावला असता. रोझी, रूबी, काय वाटेल ते."

"कसं सांगणार, कोच? मिसेस क्राउझचं नाव आता काढून टाकू या, म्हणून? आमच्यातल्या कुणाची हिंमत झाली नाही. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझीच निघाली होती. तरी नाही झाली."

वेंडेलला वाटलं होतं की गावात कुणाला काही कळलेलं नाही. रोल देणाऱ्या बायका सोडल्या तर कुणी विषय काढला नव्हता, आणि तो स्वतः दाढी करून, शर्ट इस्त्री करून वेळेवर हजर राहत होता. आणि इकडे हे पाच रेडे ऑगस्टपासून त्याच्याभोवती चवड्यांवर चालत होते. त्याच्यासाठी ते हरत होते, आणि तो त्यांना उणे देत होता. एकोणतीस वर्षं पोरांना रडू नका म्हणून सांगितलेल्या माणसानं आता काय करायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं फॉइलचा रोल कोल्बीच्या मांडीवर ठेवला.

"खा. आणि हे कुणाला सांगू नकोस."

"मी बसणार का, कोच? बाकावर?"

"मोजे जोड."

वर येऊन तो खुर्चीत बसला. खिडकीबाहेर रेल्वेपलीकडं मक्याची कापणी चालली होती, यंत्राचा आवाज येत होता. उत्तर त्याच्या हातात होतं, आणि ते दोन्हीकडून खरं होतं, हीच तर पंचाईत. मधल्या गड्यानं हाक नीट दिली नाही. फिल्ममध्ये ते दिसतं. एवढंच लिहिलं तर त्यात खोटं काही नाही. कोल्बी उरलेले तीन सामने बाकावर बसेल, पुढच्या वर्षी परत खेळेल; अजून वीस वर्षांचाही नाही. वेंडेल बासष्टचा. लाइन गेली तर त्याच्याकडं राहणार काय? दोन खोल्यांचं रिकामं घर आणि बुटांच्या खोक्यांत कार्डं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे कोच त्यानं आयुष्यभर पाहिले होते आणि त्यांना नावं ठेवली होती. आज अंगण खरोखर थोडं वाकडं होतं. ते त्यानंच वाकवलं होतं.

त्यानं पट्टी घेतली आणि पाच नावांच्या खाली सहावी रेघ आखली.

सोमवारी सातला डॅरननं कागद हातात घेतला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय, कोच? सहावा कोण?"

"वाच की."

"क्राउझ. एकतीस उणे." डॅरननं टोपी काढली. "झालं काय नक्की?"

"उजवीकडचा सराव घेतला नाही. कार्डं जोडलीत, मोजून बघ. पोरांना जे शिकवलं नाही ते त्यांना आलं नाही. कोल्बीला हलवू नकोस."

कुजबुजीचं त्यानं सांगितलं नाही. ते पोरांनी त्याला दिलेलं होतं, डॅरनला नाही.

डॅरन कार्डं चाळत राहिला. एल, एल, एल. त्याला कळायला वेळ लागला नाही. चार वर्षं तोही मैदानात तेच नाव ओरडला होता.

"मिसेस क्राउझ बऱ्या आहेत ना?" त्यानं विचारलं.

"टुसॉनला असते. तिथं हिवाळा नसतो म्हणे."

"कोच, हा कागद मी वर दिला तर मला पुढचं बोलावं लागेल. तुम्हाला माहितीये."

"म्हणून तर शाईनं लिहिलाय."

"मोसम संपेपर्यंत थांबाल?"

"तीन सामने आहेत. थांबतो."

डॅरन उठून उभा राहिला, हात पुढं करावा की नाही ते त्याला सुचेना, शेवटी त्यानं टोपी परत घातली. वेंडेल खोलीतून बाहेर पडला तेव्हा त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. एकटं वाटलं, एवढंच. ज्याला जाऊन हे सांगावं असं माणूस गावात नव्हतं.

मंगळवारी दुपारी सरावाला वारा होता. कार्डावर चाळीस आर होते. पाचही जण वाकून उभे राहिले, कोल्बीनं चेंडूवर हात ठेवला, समोर बघितलं आणि ओठ हलवले.

"ऐकू आलं नाही," वेंडेल म्हणाला.

कोल्बीनं थोडं मोठ्यानं म्हटलं. वाऱ्यानं ते नेलं.

"पुन्हा."

कोल्बीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्या पोराच्या तोंडून ते निघणार नाही, हे वेंडेलला दिसलं. त्याच्यासमोर तर नाहीच. आधी त्यालाच म्हणावं लागणार होतं. फेब्रुवारीपासून हे नाव त्यानं एकदाही घेतलं नव्हतं, फोनवर नाही, देवापुढं नाही, रिकाम्या घरातही नाही. त्यानं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"रमोना!"

आवाज मधेच फाटला. रेल्वेपलीकडं मक्याच्या यंत्रावरच्या माणसानं वळून बघितलं. वेंडेलनं पुन्हा श्वास घेतला आणि पोटातून, दार उघडं टाकून गेलेल्या माणसाला मागून हाक मारतात तशी, पुन्हा हाक मारली. "रमोना!"

पाचही पोरं एकदम उजवीकडं सरकली.