चार्टच्या मागे

तुम्ही कधी भिंतीतला खिळा झाला आहात? मी झालो. सलग तीन दिवस.

बालाघाटजवळच्या एका खाणीचं स्टोअर. सुट्या भागांच्या नोंदी आता नागपूरच्या कॉम्प्युटरकडे जायच्या, म्हणून नवा फॉर्म आला. नावांऐवजी आठ आकडी नंबर, बाकी सगळं इंग्रजी. आठवड्यात ज्याला भरता येणार नाही, त्याची बदली खनिजाच्या वॅगन भरायला.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी फॉर्मचा मोठा चार्ट टांगायला भिंतीत खिळा नव्हता. स्टोअरच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी सातवी पास, स्टोअरमध्ये नऊ वर्षं.

"तुम्हें समझना नहीं है. बस पकड़ना है."

चार्टचं तोंड लोकांकडे. माझ्यासमोर कोरी पाठ.

शिकवत होता मनोहर. माझा शाळासोबती, माझी गणितं उतरवून पास झालेला. साहेबांनी त्यालाच फॉर्म शिकायला नागपूरला पाठवलं होतं. खिशाला पेन लावून परत आला.

"काहून बे, हात दुखून राह्यले का?" जवळून जाताना तो हळूच म्हणाला.

मी जळत होतो. त्याच्या पेनावर. खुर्चीवर. साहेब त्याला 'मनोहरबाबू' म्हणत, त्यावर. खरं सांगतो, ती अन्यायाची चीड नव्हती. हेवा होता. मला त्याच्या जागी बसायचं होतं, आणि चार्ट त्याला धरायला लावायचा होता.

तिसऱ्या दिवशी त्याने टेबलावर एक बोल्ट ठेवला आणि दसरूला नंबर विचारला. दसरू म्हातारा गोंड, निरक्षर. सुट्या भागांचा प्रत्येक खण त्यावरच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखायचा. मला स्टोअर त्यानेच शिकवलं.

"पिवळ्या पट्ट्याच्या खणातला हाय, बाबू."

सगळे हसले. चार्टमागे मीही हसलो.

माझ्याही खाली कुणीतरी आहे, म्हणून मला बरं वाटलं होतं! ते हसता हसताच कळलं.

मी चार्ट स्वतःकडे फिरवला. अक्षरं लावत पहिल्यांदा वाचला.

"मनोहर, यात पिवळ्या पट्ट्याले जागा काहून नाही?"

त्याने साहेबांकडे पाहिलं.

"चार्ट सीधा करो!" साहेब ओरडले.

"कील ठोकिए, साहब. मैं नहीं पकड़ूँगा."

सोमवारपासून मी वॅगन भरतो. दसरूही. मनोहरचा हेवा अजून वाटतो. पण आता त्याचं पेन मला पुरणार नाही. जिथे फॉर्म आखतात ते टेबल मला हवं, आणि त्या टेबलाशी दसरूसाठी खुर्ची. दोन्ही मी मिळवणार.

तुमच्या कचेरीतही नवा फॉर्म आखला जाईल. छापायला जाण्याआधी तो तिथल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाच्या हाती द्या. तो जिथे अडेल, तिथेच फॉर्म फाडा.