पास नसलेली बाई आणि थोर न्यायमूर्ती

ऐंशीच्या दशकात मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला इतिहासात पीएच.डी. करत होते. माझे गाइड एका न्यायमूर्तींचं चरित्र लिहीत होते आणि मी त्यांची रिसर्च असिस्टंट. लायब्ररीच्या तळघरात मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रं वाचायची, त्या गृहस्थांचा उल्लेख आला की उतरवून घ्यायचा, हे माझं काम.

माणूस एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजांच्या ताब्यातल्या एका उसाच्या बेटावरचा. आधी मळेवाल्यांचा वकील. मग त्यांच्याच जिवावर विधिमंडळात गेला आणि मजुराने पास घेतल्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकलं तर कैद, असा कायदा त्याने करून घेतला. पुढे न्यायाधीश झाला आणि त्याच कायद्याखाली लोकांना तुरुंगात धाडू लागला. मजूर बहुतेक आपल्याकडून करारावर नेलेले, काही तर कोकणातले. गाइड याला ‘भव्य कारकीर्द’ म्हणायचे.

माझे बाबा नागपूरला वकील होते, आमच्या वस्तीतले पहिले. कायदा ही दुबळ्याची काठी, असं ते म्हणायचे. ती काठी दुबळ्याच्याच पाठीत घालणारा हा माणूस वाचताना माझे कान तापायचे, पण मी मजकूर उतरवून घेत राहायचे.

एकदा सेमिनारमध्ये गाइडनी न्यायमूर्तींचा एक निकाल वाचून दाखवला.

“बघा, चार ओळींत प्रकरण संपवलंय. काय भाषा आहे!”

प्रकरण एका मजूर बाईचं होतं. मला राहवलं नाही. “सर, ती पळाली नव्हती. मुकादमाने मारलं म्हणून मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायला गेली होती. तक्रार बाजूलाच राहिली, पास नव्हता म्हणून तिलाच आत टाकलं.”

“खरंय. पण कायदा स्पष्ट होता.”

“कायदा त्यांनीच केला होता!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. गाइड समजुतीच्या सुरात म्हणाले, “माय डिअर, माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावं.”

“तीही त्याच काळातली होती, सर. अन्याय तिला तेव्हाच कळला होता, म्हणून तर ती तक्रार करायला चालत गेली.”

गाइडनी पुढचं पान उलटलं. अपार्टमेंटवर जेवताना सांगितलं तर पुण्याची रूममेट ऐकून हादरलीच. “अगं, असिस्टंटशिप कॅन्सल केली त्यांनी तर? शंभर वर्षांपूर्वीची बाई ती, यार. सॉरी म्हणून टाक ना!” मी ताटावरून उठले. त्या बाईने कुणाला सॉरी म्हणायला हवं होतं, हे हिला विचारावंसं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी गाइडनी बोलावलं. आवाज गोडच होता. “तू हुशार आहेस. पण तुझं बॅकग्राउंड मध्ये येतं. तुझ्याकडे तटस्थपणा नाही.”

म्हणजे मळेवाल्यांच्या वकिलाचं गुणगान करणारे ते तटस्थ, आणि मार खाल्लेल्या बाईविषयी बोलणारी मी पक्षपाती! “मग मला दुसरा गाइड शोधावा लागेल,” मी म्हणाले.

त्या रविवारी मी नागपूरला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग वकिलासारखा एकच प्रश्न विचारला. “त्या बाईच्या बाजूने कोर्टात कोण उभं होतं?”

“कुणीच नाही, बाबा.”

“मग तू बोललीस ते बरंच केलंस,” ते म्हणाले.

असिस्टंटशिप गेली आणि पैशाविना ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. मग डिपार्टमेंटमध्ये नव्यानेच आलेल्या एका प्राध्यापिकेने मला विद्यार्थिनी म्हणून घेतलं. मळ्यांवरच्या मजुरांनी केलेल्या तक्रारींवर मी प्रबंध लिहिला आणि पहिलं प्रकरण त्या पास नसलेल्या बाईला दिलं. गाइडनी लिहिलेलं न्यायमूर्तींचं चरित्रही यथावकाश निघालं. भरपूर कौतुक झालं. त्यात तो निकाल उत्तम गद्याचा नमुना म्हणून छापलाय, चारही ओळी. बाई मॅजिस्ट्रेटकडे का गेली होती, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आणि हे त्यांना ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, भर वर्गात.