आई गेली त्या दिवशीचा दिनविशेष

आज सकाळी फोनवर कुणीतरी दिनविशेष पाठवला. एका चित्रकाराचा जन्म, एका नाटकाचा पहिला प्रयोग, एका गायिकेची पहिली ध्वनिमुद्रिका. हीच यादी मी चिचगडजवळच्या आमच्या गावात, आई गेली त्या सकाळी ऐकली होती.

बाबा रोज ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला दिनविशेष वाचून दाखवायचे. आई पहाटे गेली. तिला ओसरीत निजवलं होतं. उजाडल्यावर बाबांनी सदरा घातला आणि ते चपला शोधू लागले.

"कुठं चालला गा दादा? घरात मयत आहे," आत्या ओरडली.

"गाव वाट पाहून राहिला असल," एवढंच म्हणून ते गेले.

मी अंगणात आईनं आदल्या दिवशी वाळत घातलेली मोहफुलं परतत बसले. त्यांचा गोड, उग्र वास हातांना चिकटला होता. भोंगा खरखरला. चित्रकार, नाटक, गायिका, सगळं नेहमीच्याच आवाजात आलं. मग बाबा म्हणाले, "आज माझी बायको वारली. दुपारी माती आहे."

मला रडू आलं नाही. ओसरीत आईजवळ बसलेल्या बायका कुजबुजल्या, तेव्हा बाबांची थोडी लाज वाटली. आता वाटतं, त्या सकाळी त्यांना दुसरं काही सुचलंच नसेल.

परत आल्यावर ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

"चित्रकाराचं नाव बरोबर घेतलो ना वो मी?"

"हो बाबा," मी म्हटलं. नाव मी ऐकलंच नव्हतं.

तोवर भोंगा ऐकून माणसं यायला लागली होती.