दादाची चाल

आमच्या वहिनीला वाकडं काही खपत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललं तरी जेवता जेवता उठेल आणि सरळ करेल. घरात आम्ही तिची यावरून यथेच्छ चेष्टा करतो, पण स्टुडिओत ती याच खोडीचा पगार घेते. हाताने काढलेल्या ॲनिमेशनपटात आधी कच्ची चित्रं येतात, एकेका हाताला चार-चार रेघा असलेली. वहिनीच्या सफाई विभागात त्यातली एक रेघ राहते, बाकीच्या पुसल्या जातात. पावलांमधलं अंतरही तीच तपासते.

एकदा ती चष्मा घरी विसरली, म्हणून दादा तो द्यायला स्टुडिओत गेला. दादा, म्हणजे माझा भाऊ, लहानपणापासून लंगडायचा. डायरेक्टरने त्याला जाताना पाहिलं आणि थांबवलंच. नव्या सिनेमात रस्त्यावरचे दिवे लावणारा एक म्हातारा होता आणि त्याची चाल काही केल्या सापडत नव्हती. मग दादाला व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या, त्याचा व्हिडिओ काढला, त्यावरून चित्रं केली. स्वारी घरी आली तीच कॉलर ताठ करून. "आता आपण हिरो! लंगडत का होईना!"

सिनेमा पुरा व्हायच्या आत दादा गेला. ऑफिसात, भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या.

वहिनी रडली नाही. मीही फारशी नाही. रडायला आधी काहीतरी जाणवावं लागतं. आम्हाला हातातला चहा गरम आहे की गार, तेही कळत नव्हतं. थोड्याच दिवसांत वहिनी कामावर जायला लागली. "घरी बसून तरी काय करू?" म्हणाली. मी अडवलं नाही.

दादाचे फोटो ढीगभर आहेत, पण चालतानाचा तो कुठेच नाही. कॅमेरा दिसला की हा पठ्ठ्या खांबासारखा उभा राहायचा. स्टुडिओतला व्हिडिओ काम झाल्यावर जागा अडते म्हणून पुसून टाकलेला. राहिला तो सिनेमा. त्यात तो चालताना दिसणार, एवढ्या एका गोष्टीची वहिनी वाट बघत होती. दुसऱ्या कशाबद्दल ती बोलतच नसे.

रविवारी सकाळी सिनेमाची झलक आली. वहिनीने टीव्हीवर लावली. आई खुर्ची पुढे ओढून बसली. समुद्र आला, पक्षी आले, एक आगाऊ मांजर आलं. शेवटी गल्लीच्या टोकाकडून तो म्हातारा आला. टप टप, टप टप, सारख्या पावलांनी.

माझं डोकंच फिरलं. "हे काय? लंगडणं कुठे गेलं? लाव त्या डायरेक्टरला फोन. डोळे फुटले होते का म्हणावं सगळ्यांचे?"

"मी केलंय ते," वहिनी म्हणाली.

"काय केलंस?"

"माझ्याकडे नुसते पाय आले होते. गुडघ्याखालचे. वर धड नाही, चेहरा नाही. एक पाऊल लांब, एक आखूड. कुणी नवशिक्याने घाई केली असं वाटलं. मी सारखी करून टाकली."

"अगं, पण कधी?"

"परत कामावर गेले ना, त्याच आठवड्यात."

"आणि तुला कळलं नाही?"

"नाही." दूध संपलंय म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं.

"मग आता बदला म्हणावं!"

"आता कुठलं? रंग झाले, संगीत झालं. डायरेक्टरनेही पास केलंय. पावलं सहज पडतात म्हणाला तेव्हा."

मला तिचा राग आला, अगदी मनापासून आला. तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मग वाटलं, हिला हलवून तरी काय होणार, आत कुणी असेल तर ना! आणि मी तरी त्या दिवसांत कुठे होते?

आईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या एका पायासाठी तिने कोवळ्या वयातल्या दादाला कडेवर घेऊन दवाखान्यांचे उंबरठे झिजवले होते. आता ती खुर्चीच्या कडेला येऊन टीव्हीकडे बघत होती.

"बघ गं कसा चालतोय," ती म्हणाली. "दुखत नाहीये त्याला."

मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा होता तसाच होता.

"पुन्हा लाव ना," आई तिला म्हणाली.

वहिनीने पुन्हा लावलं.