दातांची दुहेरी डॉक्टर

धाकटीचे पक्के दात आले तेच मुळी तपकिरी आणि ठिसूळ. पावाची कडक कड चावली तरी टवका उडायचा. दवाखान्यात नेलं की डॉक्टर आईलाच फैलावर घ्यायचे, पोरीला गोड चारता, दात घासून घेत नाही म्हणून. आई मुकाट्यानं ऐकून घ्यायची. ती उलटून का बोलत नाही, याचा धाकटीला संताप यायचा. शिकलेल्या माणसापुढे काय बोलणार, असं आईचं उत्तर ठरलेलं.

त्या रागातूनच धाकटी डेंटल कॉलेजात गेली. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तू भरून दाखव, असं म्हणत त्यांनीच तिची ट्रंक होस्टेलच्या जिन्यानं वर चढवली. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

पेशंट तपासायला लागल्यावर एक दिवस तिच्या खुर्चीत एक शाळकरी मुलगी आली. दाढा तशाच, कडेनं ढासळलेल्या. हेड सर, म्हणजे विभागप्रमुख, फेरीवर होते. त्यांनी तोंडात डोकावलं आणि मुलीच्या आईला झापायला सुरुवात केली. धाकटीनं हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"सर, ही कीड नंतरची आहे. दात तयार होतानाच त्याचं कवच कच्चं राहिलंय. यात आईची काही चूक नाही."

सरांनी चष्मा काढला. "बरं. मग असल्या दातात फिलिंग टिकत का नाही, तेही सांगून टाका."

ते तिला ठाऊक नव्हतं. रात्रभर पुस्तकं उलथीपालथी केली, त्यांतही धड उत्तर सापडलं नाही.

शिक्षण मध्येच थांबवून पीएचडी करायची आणि मग परत येऊन दंतवैद्यकाची पदवी पुरी करायची, अशी सोय कॉलेजात होती. त्या वाटेला सहसा कुणी जात नसे. धाकटीनं अर्ज केला. घरी कळल्यावर मामा म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्या झाल्या तर शिवेन," ती म्हणाली.

पुढची काही वर्षं तळघरातल्या प्रयोगशाळेत गेली. पडलेल्या, काढलेल्या दातांच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. निम्म्या चकत्या कापतानाच फुटायच्या. बरोबरीच्या मुलांनी दवाखाने थाटले. त्यांच्या उद्घाटनांना ती चांगले कपडे घालून जायची, कधी संपणार तुझं, हे ऐकायची आणि परत तळघरात उतरायची. शेवटी कळलं ते एवढंच, की अशा कवचात नको ते प्रथिन उरलेलं असतं, त्यामुळे फिलिंगचा चिकटा पकड घेत नाही. प्रथिन आधी धुऊन काढलं, तर घेतो. पीएचडीच्या गाईडबाईंनी शाबासकी दिली नाही, सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच निघालं. पीएचडी मिळाली.

पण पेशंट तपासायच्या हॉलमध्ये परतली तेव्हा हात आखडला होता. वर्गातली पोरं तिला आजी म्हणायची. कॅप बसवण्यासाठी दात मशीननं घासून लहान करायच्या परीक्षेत ती सपशेल नापास झाली. हेड सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"डॉक्टरेट आहे ना हातात? मग हे सोडा आता. दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस पडतोच."

"पडले, सर. आता उठू द्या."

ती सरावासाठी प्लास्टरचे दात घासत राहिली. मनगट सुजलं, तेव्हा पट्टी बांधून घासले. पुढच्या खेपेला पास झाली आणि पदवी पदरात पडली.

त्यानंतर खरी अडचण आली. नोकरी एकतर पेशंट तपासायची मिळत होती, नाहीतर प्रयोगशाळेतली. तिला दोन्ही कामं एकत्र हवी होती, म्हणून तिनं दोन्ही नोकऱ्या नाकारल्या आणि चक्क घरी बसली. मामानं कपाळाला हात लावला. गाईडबाई मात्र वरिष्ठांशी भांडत राहिल्या. अखेर कॉलेजनं सकाळी पेशंट आणि दुपारी संशोधन अशी जागा दिली, तीही कुरकुरतच.

तिच्या पद्धतीनं केलेली काही फिलिंग्ज टिकली, काही गळून पडली. विभागाच्या बैठकीत तिनं गळून पडलेल्यांचेच फोटो आधी दाखवले. हेड सरांनी खूप खोदून विचारलं आणि शेवटी वैतागून म्हणाले, "तुमच्याशी वाद घालायचा म्हणजे मला हल्ली घरून वाचून यावं लागतं."

"या की वाचून, सर," ती म्हणाली, आणि तिनं पुढचा फोटो पडद्यावर लावला.