टेबलापर्यंतची चाल

पेनाचं टोपण काढून सर ते दातांत धरायचे आणि दाराकडे बघत म्हणायचे, "नुसतं चालत ये. बाकी मी बघतो."

नववीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा अशी सुरू व्हायची आणि जवळपास तिथेच संपायची. मूल दारातून टेबलापर्यंत पोचेतो सरांचे मार्क टाकून झालेले असत. प्रश्न विचारायचे ते रीतीपुरते. वर्गात उघड सांगायचे, "मी पाय बघतो. पायात नीट बूट असले की समजावं, घरी इंग्रजी पेपर येतो. माझा अंदाज चुकत नाही." असे परीक्षक तुम्हीही पाहिले असतील. आमचे सर लपवत नसत, एवढाच फरक.

बदलापूरच्या आमच्या मराठी शाळेत दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीतच मुलं गाळायचे. इंग्रजीची तोंडी ही त्यासाठीची चाळण. त्यात अडकलं की पुन्हा नववी, आणि गावाकडच्या मुलींसाठी पुन्हा नववी म्हणजे शाळा बंद.

माझ्या बाकावर सोनिवलीची मंदा बसायची. मला जे काही इंग्रजी येत होतं ते तिच्यामुळे. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, खताच्या गोणी, जे दिसेल ते ती वाचायची आणि मला अर्थ सांगायची. माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात साहेब होते, म्हणून माझ्याकडे कॅनव्हासचे बूट होते. मंदा स्लिपर घालून यायची.

तोंडीच्या दिवशी अक्कल मी लढवली. माझा नंबर आधी होता. मी बूट घालून आत गेले, सरांनी वडिलांची नोकरी विचारली, मला वीसपैकी अठरा पडले. बाहेर येऊन मी बूट मंदाला दिले. पुढे कागद कोंबून ती आत गेली. माझ्या बुटांची एक नाडी पांढरी आणि एक काळी होती, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

दार उघडंच होतं. सर म्हणाले, "हे बूट मघाशी येऊन गेले." वर्गातली मुलं हसली. "बूट दुसऱ्याचे, म्हणजे इंग्रजीही दुसऱ्याचंच. जा." त्यांनी तिला पाच मार्क दिले. एकही प्रश्न विचारला नाही. मंदा बाहेर आली, बूट काढले आणि जोडीने माझ्यासमोर ठेवले.

निकालानंतर तिचा बाप म्हणाला, "नापास झाली ना, मंग ऱ्हा आता घरी." संपलं. मी दहावीला गेले, ती म्हशींमागे गेली. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला. मी बी.ए. इंग्रजी घेऊन केलं, बी.एड. केलं आणि कल्याणची बरी नोकरी सोडून त्याच शाळेत अर्ज टाकला. लोकांना वाटलं, शाळेवर किती प्रेम हिचं. मला त्यांना त्यांच्याच टेबलावर नापास करायचं होतं.

सर तोवर पर्यवेक्षक झाले होते, केस पिकले होते. मला प्रेमाने "बाई" म्हणायचे, डब्यातली आंबोळी पुढे करायचे. मी खायचे आणि वाट बघायचे.

तोंडीच्या मार्कांबद्दल पालकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा मी नव्या मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं की मुलांचं बोलणं टेप करू, नाव नको, फक्त नंबर, आणि दोघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे. उल्हासनगरहून टेपरेकॉर्डर आणला. दुकानदार म्हणाला, "बहनजी, चलेगा नहीं, दौड़ेगा." तो खरखरत का होईना, चालला.

सगळ्या मुलांचं झाल्यावर मी टेपरेकॉर्डर घेऊन मंदाच्या सासरी गेले, तेही सोनिवलीतच होतं. तिने हात पुसले आणि विचारलं, "बारीक आवाजात बोलू काय गो?"

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत सर पेन घेऊन बसले. बघायला पाय नव्हते. पहिल्या मुलाला मार्क देताना त्यांनी टेप तीनदा मागे न्यायला लावली. कपाळावर घाम आला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

शेवटचा नंबर लागला. "माय बफेलो इज व्हेरी क्लेव्हर. शी ओपन्स द डोअर. माय ब्रदर कॅनॉट." सर मोठ्याने हसले. पुन्हा ऐकलं आणि सोळा मार्क दिले. "ही मुलगी कोण? हिला बोलावून घ्या."

मी सगळं सांगितलं. मंदाचं नाव, बूट, नाड्या, पाच मार्क, बाप. एकेक शब्द इतकी वर्षं पाठ केला होता. मुख्याध्यापिकाबाई खाली बघत होत्या. सर बराच वेळ आठवत राहिले.

"नाही हो बाई," ते म्हणाले. "नाही आठवत."

त्यांनी मला हाकललं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. घरी येऊन मी रागाने रडले.

संध्याकाळी मंदाला सोळा मार्क सांगितले. ती म्हणाली, "मंग आता घेतील काय मला दहावीत?"

दोन दिवसांनी सरांनी माझ्या टेबलावर बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म ठेवला. "तिच्याकडून भरून घ्या. सह्या-शिक्के मी बघतो." मंदाने फॉर्म बघितला आणि म्हणाली, "त्या शाळेतून नको." मग अंबरनाथच्या एका शाळेतून भरला. तिला शिकवायला मी रोज सायकलने जायचे.

सरांना मी यातलं काहीच कळू दिलं नाही. ते दर आठवड्याला विचारायचे, "बाई, फॉर्मचं काय झालं?" मी म्हणायचे, "तिला आता जमायचं नाही, सर." त्यांचा चेहरा उतरायचा. निवृत्तीच्या समारंभातही हार गळ्यात असताना त्यांनी मला बाजूला घेऊन तेच विचारलं.

नंतर एकदा कुळगावच्या भाजीबाजारात भेटले. हातात मेथीची जुडी, खूप वाळले होते. "ती मुलगी," ते म्हणाले, "बसली का हो परीक्षेला?"

मंदाचा निकाल त्याच सकाळी लागला होता. ती पास झाली होती आणि तिची मार्कशीट माझ्या पर्समध्ये होती.

"नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गर्दीतून हळूहळू निघून गेले. दिवाळीआधी ते वारल्याचं कळलं.